पंजाबी : बोली अनेक, लिप्या दोन

वाचकहो, दर बारा कोसांवर भाषा बदलते, हे आपणांस कोणी सांगायला नको. पंजाबीचेही तसेच आहे. तिथे बोलींच्या सीमा पुष्कळदा नद्यांनी आखल्या. लाहोर-अमृतसरकडची ती माझी. नाव ऐकून हसू नका; ‘माझा’ म्हणजे तिकडे मधला मुलूख. बियास आणि सतलज यांच्या मधली दोआबी, सतलजच्या दक्षिणेची मालवई, अंबाल्याच्या बाजूची पुआधी. ‘तुमचा’ याला माझी बोलीत ‘तुहाडा’ म्हणतात, पुआधीत ‘थारा’, आणि मालवईत चक्क ‘थोडा’! रावळपिंडीकडे पोठोहारी चालते. मुलतानकडच्या सराइकीला तर पुष्कळ जण वेगळी भाषाच मानतात. पाकिस्तानच्या 1981 च्या जनगणनेपासून ती निराळी मोजली जाते.

पंजाबीची खरी गंमत सुरात आहे. पंजाबी माणूस लिहितो ‘घोडा’, पण तोंडाने ‘कोडा’ म्हणतो आणि सूर खाली नेतो. तोच शब्द सपाट सुरात म्हटला की चाबूक, आणि सूर वर चढवला की कुष्ठरोगी! नवख्याने जपूनच बोलावे.

आता लिपी. पूर्वी व्यापाऱ्यांची लंडा लिपी होती. तिच्यात काना-मात्रा नसत. ‘काका अजमेर गए’ हे कोणी ‘काका आज मर गए’ असे वाचले आणि घरात रडारड झाली, अशी गोष्ट सांगतात. सोळाव्या शतकात दुसरे शीख गुरू अंगददेव यांनी गुरुमुखीला नीट रूप दिले. तिची मूळ अक्षरे 35, म्हणून वर्णमालेला ‘पैंती’ म्हणतात. दुसरी लिपी शाहमुखी, म्हणजे उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे जाणारी. वारिस शाहची ‘हीर’ (1766) तिच्यातच वाचली गेली.

फाळणीपूर्वी तिथल्या सरकारी शाळांतून उर्दू चाले. त्यामुळे कित्येक शीख आणि हिंदू आजोबांचा हातही फारसी अक्षरांवर बसलेला असे. 1947 नंतर वाटा फुटल्या. इकडे गुरुमुखी राज्यकारभाराची लिपी झाली, तिकडे शाळेत उर्दूच राहिली. लाहोर आणि अमृतसर यांत अंतर अवघे पन्नास किलोमीटर, बोली एकच. समोरासमोर बसले तर रात्रभर गप्पा होतील. पण एकाचे पत्र दुसऱ्याला वाचता येत नाही. इतकेच काय, आजोबांची वही नातवाला परकी झाली. आपल्याकडे मोडी दस्तांचे असेच झाले, हे शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे.

लिपी म्हणजे भाषा नव्हे, हे मुलांना पटवायला आपल्या घरचाच दाखला आहे. नामदेवांची 61 पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातल्या ज्या घुमान गावाशी त्यांचे नाव जोडलेले आहे, तिथेच 2015 साली आपले साहित्य संमेलन भरले. ती पदे गुरुमुखीत लिहिलेली आहेत, पण भाषा पंजाबी नव्हे. ती तेव्हाची संतांची हिंदवी, आणि मधूनच एखादे मराठी वळणाचे क्रियापद तीत डोकावते.