ग्रॅनाइट म्हणावे कशाला?

ग्रॅनाइट हा अग्निजन्य खडक असून त्यात क्वार्ट्झ, फेल्स्पार आणि अभ्रक ही खनिजे असतात, हे आपण सर्वांनीच कधी ना कधी पाठ केलेले आहे. पण छत्रपती संभाजीनगरच्या विद्यार्थ्याला हा खडक दाखवायचा कोठे? वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला, शहराभोवतालच्या टेकड्या, विहिरीतून निघणारा दगड, रस्त्यावरची खडी, सगळा बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरावर थर साचून तो तयार झाला. लाव्हा जमिनीवर पसरून लवकर थंड झाला, त्यामुळे त्यातले बहुतेक स्फटिक नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. ग्रॅनाइटचा शिलारस मात्र काही किलोमीटर खोलीवर फार सावकाश निवला. म्हणून त्यातला एकेक कण ज्वारीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून मोठा वाढलेला असतो आणि ओळखता येतो.

नमुना हाताशी नसल्यामुळे शाळेतल्या खडकांच्या पेटीत ‘ग्रॅनाइट’ अशी चिठ्ठी लावलेले भलतेच दगड आढळतात. एक म्हणजे शेतातून आणलेली चमकदार पांढरी गारगोटी. ती बेसॉल्टमधल्या पोकळीत मागाहून पाण्यातून साचलेली असते. दुसरा म्हणजे ओट्याचा काळा चकचकीत तुकडा. त्याच्याकडे पुढे येऊ.

खरा नमुना मिळणे अवघड नाही. फरशीच्या दुकानात ओट्यातून सिंकसाठी कापून काढलेले आणि कडेचे उरलेले तुकडे पडून असतात. गुलाबी, करडा, तांबूस असे चार-पाच मागून आणावेत. एक बाजू घोटलेली असतेच. हातोडीने कोपरा फोडून ताजी बाजूही मिळवावी (डोळ्यांवर चष्मा आणि मुले दूर). सोबत दसपट भिंग, दाभण आणि पोलादी सुरी. काम उन्हात करावे, ट्यूबलाइटखाली नव्हे.

खरी अडचण क्वार्ट्झ आणि फेल्स्पार यांच्यात फरक करण्याची आहे. काठिण्याची कसोटी येथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण फेल्स्पारचे काठिण्य ६ आणि क्वार्ट्झचे ७. दोन्ही काचेवर ओरखडा काढतात आणि सुरीला दाद देत नाहीत. फरक आहे तो फुटण्यात. फेल्स्पारच्या स्फटिकात एकमेकांशी जवळजवळ काटकोन करणाऱ्या दोन दिशांना बंध दुबळे असतात, म्हणून तो सपाट पृष्ठांवर फुटतो. फोडलेला तुकडा उन्हात हळूहळू फिरवा. एखादा कण आरशासारखा एकदम चमकून विझला, की तो फेल्स्पार समजावा. क्वार्ट्झला अशी दिशाच नाही. तो फुटक्या बाटलीच्या काचेसारखा वाकडातिकडा, खळगेदार फुटतो आणि ओलसर, किंचित तेलकट दिसतो.

घोटलेल्या बाजूवर विद्यार्थी हमखास फसतात. तेथे क्वार्ट्झ करडा, काही वेळा जवळपास काळा दिसतो आणि मुले त्याला ‘काळे खनिज’ म्हणून मोजतात. तो पारदर्शक असल्याने प्रकाश आत शिरतो आणि परत येत नाही, एवढेच. त्याच्या आकारावरूनही ओळख पटते. क्वार्ट्झ सहसा शेवटी स्फटिक बनतो आणि उरलेल्या फटींत मावतो, म्हणून त्याला स्वतःची कड नसते. फेल्स्पार आधी वाढलेला, पुष्कळदा सरळ कडांचा, अपारदर्शक.

खरी काळी खनिजे साधारण दोन. दाभणाने टोकरल्यावर पापुद्रा निघाला तर ते कृष्णाभ्रक. न सुटणारी लांबट काडी असेल तर बहुधा हॉर्नब्लेंड. पाठ्यपुस्तकात अभ्रक दिलेले असले तरी अभ्रकाच्या जागी हॉर्नब्लेंड असलेले ग्रॅनाइट भरपूर आहेत.

आता फेल्स्पारच्या दोन जाती. गुलाबी किंवा तांबूस तो पोटॅशियमचा आणि पांढरा तो प्लॅजिओक्लेज, असे धरून सुरुवात करायला हरकत नाही. पण रंगावर भिस्त ठेवू नये, कारण पोटॅशियमचा फेल्स्पारही पांढरा असू शकतो. चमकणाऱ्या पृष्ठावर भिंगातून वहीच्या ओळींसारख्या बारीक समांतर रेघा दिसल्या, तर तो प्लॅजिओक्लेज नक्की.

एवढे जमले की खडकाचे नाव मोजून ठरवता येते. पारदर्शक प्लॅस्टिकवर एक सेंटिमीटरच्या चौकटी आखून ते घोटलेल्या बाजूवर ठेवावे आणि प्रत्येक छेदबिंदूखाली कोणते खनिज येते ते लिहावे. समजा, २०० बिंदूंपैकी ६० क्वार्ट्झ, ८० गुलाबी फेल्स्पार, ४४ पांढरा फेल्स्पार आणि १६ कृष्णाभ्रक भरले. काळे कण वगळायचे, उरले १८४. त्यात क्वार्ट्झ ३३ टक्के. एकूण १२४ फेल्स्पारांत पोटॅशियमचा ६५ टक्के. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार क्वार्ट्झ २० ते ६० टक्के आणि फेल्स्पारांत पोटॅशियमचा वाटा ३५ ते ९० टक्के असला तर तो ग्रॅनाइट. हा वाटा १० ते ३५ वर आला तर ग्रॅनोडायोराइट, त्याखाली टोनॅलाइट. क्वार्ट्झच ५ टक्क्यांहून कमी असेल, तर पोटॅशियम फेल्स्पारचा तो सायनाइट आणि प्लॅजिओक्लेजचा डायोराइट. दोन गटांची मोजणी तंतोतंत जुळणार नाही. २०० बिंदूंत पाच-सहा टक्क्यांची तफावत स्वाभाविक आहे, हेही मुलांना कळू द्यावे.

आता तो काळा तुकडा. त्यात कितीही शोधले तरी क्वार्ट्झ जवळपास सापडत नाही. प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन मिळते. म्हणजे रचनेने तो आपल्या बेसॉल्टचाच भाऊबंद, गॅब्रो किंवा डोलेराइट. आंध्रातील चीमाकुर्तीचा प्रसिद्ध ‘ब्लॅक गॅलेक्सी’ही असाच, त्यातले सोनेरी ठिपके हे ब्राँझाइट नावाचे पायरॉक्सिन. दुकानदार फसवतो असे नाही. त्याच्या भाषेत घोटता येणारा कठीण दगड तो ग्रॅनाइट. पण पेटीतली चिठ्ठी मात्र बदलायला हवी.

मराठवाड्यात ग्रॅनाइट जागेवर पाहायचा तर नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे जावे. तेथे बेसॉल्टचे आवरण संपून खालचा पुरातन पाया उघडा पडतो. हैदराबादच्या परिसरातले गोलाकार धोंडे याच प्रकारच्या खडकाचे. हा पाया बेसॉल्टखाली दूरवर पसरलेला आहे. कोयना परिसरात २०१२ नंतर सुमारे दीड किलोमीटर खोल विवरे खणली, त्यांतही बेसॉल्ट संपल्यावर ग्रॅनाइट आणि नाइस लागले. नाइसमध्ये खनिजे बहुतेक तीच, पण काळे कण पट्ट्यांनी मांडलेले. कोयनेचे भूकंप मुख्यतः याच पायात, बेसॉल्टच्या खाली उद्भवतात. म्हणून तेथून वर काढलेल्या दगडाची खनिजे ओळखणे ही नुसती हौस राहत नाही.

देगलूरकडे गेलात तर उघड्यावरच्या दगडावर सुरी चालवून निष्कर्ष काढू नका. हवापाण्याने फेल्स्पारची माती होत जाते, तो पिठूळ बनून नखानेही खरवडतो. क्वार्ट्झ तसाच राहतो आणि सुटून ओढ्यात जातो. त्या ओढ्यातली मूठभर वाळू आणि संभाजीनगरजवळच्या एखाद्या नाल्यातली मूठभर काळपट वाळू कोऱ्या कागदावर शेजारी पसरून भिंगाखाली पाहावी. पहिलीत काचेसारखे कण आणि मधूनमधून गुलाबी फेल्स्पार. दुसरीत बेसॉल्टचे काळे तुकडे आणि क्वचित एखादी गारगोटी.