अंगाच्या मापाची सायकल

शिंप्याकडे सदरा शिवावयास टाकला, तर तो आधी गळ्यातली फीत हाती घेतो. चपलांच्या दुकानात गेलो, तर दुकानदार पाय पुढे करावयास सांगतो. परंतु ज्या वाहनावर माणूस तासन् तास गुडघे वाकवतो आणि पाठ ताणतो, ती सायकल विकत घेताना कोणी कोणाचे माप घेत नाही. “बावीस इंची देऊ की चोवीस इंची?” एवढ्या एकाच प्रश्नावर व्यवहार उरकतो. वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी वडिलांची सायकल मधल्या त्रिकोणातून पाय घालून, अंग वाकडे करून, अर्धे अर्धे पायडल मारीत चालवली असेल. त्या आठवणीत गंमत आहे, हे खरे. पण माणसाने यंत्राच्या मापात बसावयाचे, ही सवय आपल्याला तेथूनच लागली.

यंत्रच माणसाच्या मापात बसवता येते, आणि तेही फार अवघड नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. सांगावयाचे आहे ते पक्क्या सडकेवर वेगाने व दूरवर जाण्यासाठी बांधून घेतलेल्या हलक्या सायकलीविषयी. आणि त्यासाठी आपण चंदीगडला जाऊ.

चंदीगडच का? एक तर ते सपाट शहर आहे, आणि त्याच्या आखणीतच सायकलीला जागा मिळालेली आहे. ल कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पज्ञाने तेथील रस्त्यांचे प्रथम सात प्रकार ठरवले आणि पुढे त्यांत आठवा घातला, तो सायकलींचा. आजही मोठ्या रस्त्यांच्या कडेने सायकलींचे निराळे मार्ग दिसतात. दुसरे असे की, शहर संपते न संपते तोच शिवालिकच्या टेकड्या सुरू होतात. पहाटे सुखना तलावापाशी निघालेला स्वार काल्का, परवाणू करीत दुपारपर्यंत कसौलीस पोचू शकतो. चंदीगड समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरांच्या आसपास, तर कसौली अठराशे मीटरांहून वर. म्हणजे एका फेरीत सपाटीची व चढाची अशा दोन्ही परीक्षा होतात. आणि तिसरे, देशाच्या सायकल उद्योगाचे माहेरघर जे लुधियाना, ते येथून सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. तेथे १९५६ साली स्थापन झालेला हिरो सायकल्सचा कारखाना १९८६ मध्ये जगातील सर्वांत मोठा सायकल कारखाना म्हणून नोंदला गेला. सायकली लाखांनी निघतात; पण त्या ठराविक मापांतच निघतात, आणि कारखान्याचा हिशेब पाहता त्यात त्याचा दोष नाही.

मापाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ल कॉर्ब्युझिएने मानवी शरीरावरून एक मोजपट्टी तयार केली होती. तिचे नाव मॉड्युलर. प्रथम तिचा माणूस १७५ सेंटिमीटर उंच होता. पुढे तो १८३ सेंटिमीटरांचा, म्हणजे पुरता सहा फुटी झाला. का, तर इंग्रजी गुप्तहेर कादंबऱ्यांतील देखणे पुरुष नेहमी सहा फुटांचे असतात, असे एका सहकाऱ्याने सुचवले! हे त्याने आपल्या ग्रंथातच नमूद करून ठेवले आहे. चंदीगडच्या कॅपिटॉलमधील इमारतींना त्याने हीच पट्टी लावली. इमारतीचे ठीक आहे; सहा फुटी माणसाच्या दारातून पाच फुटी माणूसही सुखाने जातो. सायकलीचे तसे नाही.

समजा, आपल्या घरातील कन्या महाविद्यालयात शिकते आणि तिची उंची पाच फूट एक-दोन इंच आहे. तिला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी करा. दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक आडवे धरून वर घट्ट लावा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. हे माप ७२ सेंटिमीटर आले असे धरू. याला ०.६५ ने गुणले की सीटखालच्या नळीची लांबी मिळते, सुमारे ४७ सेंटिमीटर, आणि ०.८८३ ने गुणले की पायडलच्या आसापासून सीटपर्यंतची उंची मिळते, सुमारे साडेत्रेसष्ट सेंटिमीटर. आता बाजारातील बावीस इंची सायकल पाहा. तिची तीच नळी ५६ सेंटिमीटरांची, आणि आडवी नळी जमिनीपासून जवळजवळ ८५ सेंटिमीटर उंच. मुलीला त्या नळीवरून दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहताच येणार नाही. मग ती चौकात थांबताना एका बाजूला कलते, लांबच्या हँडलकडे वाकते, महिनाभरात मान दुखते म्हणते, आणि घरचे ठरवतात की मुलीला सायकल झेपत नाही. झेपत नाही ते माप. एवढ्या एका गैरसमजापायी किती सायकली जिन्याखाली गंजत पडल्या असतील!

पायांच्या मापाइतकीच धडाची व हातांची मापे महत्त्वाची आहेत, कारण आडव्या नळीची लांबी त्यांवर ठरते. चांगला कारागीर खांद्यांची रुंदीही मोजतो. हँडल साधारण तेवढेच रुंद हवे. लहान चौकटीत आणखी एक अडचण उद्भवते. मोठे चाक लावले तर वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागतो. म्हणून बुटक्या स्वारासाठी नेहमीच्या ६२२ मिलिमीटर रिमऐवजी ५८४ मिलिमीटरची रिम घेणे शहाणपणाचे. डोंगरी सायकलींना हेच माप चालते, त्यामुळे टायर-ट्यूब मिळण्यास अडचण येत नाही.

मापे हाती आली की चौकट बांधावयाची. कार्बनच्या चौकटी हलक्या असतात आणि शर्यतीत त्यांचाच बोलबाला आहे; परंतु एकेका माणसाच्या मापाने बांधावयाची तर पोलादासारखा सोयीचा पदार्थ नाही. हे पोलाद साधे नव्हे. त्यात क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेले असते. त्याच्या नळ्या टोकांशी जाड व मध्ये पातळ असतात, कारण ताण सांध्यांवर येतो, मध्यभागावर नाही. ही युक्ती इंग्लंडमधील रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये पेटंट करून घेतली, आणि १९३५ साली निघालेल्या त्यांच्या ५३१ क्रमांकाच्या नळ्यांवर पुढे कित्येक वर्षे जगातील मोठमोठ्या शर्यती जिंकल्या गेल्या. नळ्यांची तोंडे एकमेकींवर नेमकी बसतील अशी गोलाकार कापतात, साच्यात धरतात आणि पितळेने किंवा चांदीने झाळतात. पितळेला नऊशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. चांदीला पुष्कळच कमी, म्हणून पातळ नळीला ती मानवते. आपल्या देशात असे काम करणारे कारागीर मोजकेच आहेत. चंदीगडच्या गिऱ्हाइकाला बहुधा मापे लिहून दुसऱ्या गावी पाठवावी लागतात आणि काही महिने वाट पाहावी लागते.

खर्च पडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या कुटुंबाला तो विचार करून करावयाचा आहे, त्यांना आमचे सांगणे असे की, पैसा प्रथम चौकटीत घालावा, मग चाकांत. महागडे गिअर नंतरही बदलता येतात. चाके यंत्रावर भरलेली न घेता हाताने भरून घ्यावीत. ज्याला चाकाचा आऊट नीट काढता येतो असा मिस्त्री गावात असेल, तर तो निम्म्या दुकानाहून मोलाचा. गिअर मात्र डोंगराकडे पाहून निवडावेत. पुढच्या लहान चक्राला ३४ दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रालाही ३४ असले, की परवाणूच्या पुढे उतरून ढकलण्याची पाळी सहसा येत नाही.

पोलादाचा आणखी एक गुण असा की ते पुन्हा जोडता येते, पुन्हा रंगवता येते आणि अगदी शेवटीही वाया जात नाही. चंदीगडच्या रॉक गार्डनमधील नेकचंद यांच्या प्राण्यांकडे पुढच्या वेळी जरा निरखून पाहा. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक असलेल्या या गृहस्थाने, १९७६ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या त्या बागेत, टाकून दिलेल्या सायकलींच्या चौकटींची धडे केली, चिमट्यांचे पाय केले आणि सीटची डोकी केली.

असो. आता रंग. घरात खरी वादावादी येथेच होते.

जुन्या सायकली काळ्याच का असत, असे मुले विचारतात. बिट्युमेनपासून केलेले काळे रोगण भट्टीत भाजले की स्वस्तात कठीण व चिवट लेप मिळे. त्या रोगणाला काळ्याखेरीज दुसरा रंग येणेच शक्य नव्हते. मग कारखान्यातील कसबी हात बारीक कुंचल्याने त्यावर सोनेरी रेघा ओढीत, आणि तेवढ्यावर सायकल देखणी होई. आज रंगांना तोटा नाही, आणि म्हणूनच निवड अवघड झाली आहे.

चंदीगडकराला त्यासाठी दूर जावयास नको. कॅपिटॉलच्या इमारती उघड्या करड्या काँक्रिटच्या आहेत. मात्र उच्च न्यायालयाच्या दर्शनी भागातील तीन प्रचंड स्तंभ हिरवे, पिवळे आणि तांबडे आहेत; प्रारंभी ते तसे नव्हते, पुढे रंगवले गेले. विधानभवनाच्या मोठ्या दारावर ल कॉर्ब्युझिएने स्वतः चित्रे काढली आहेत. ते दार मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्यांचे आहे. काचेची पूड पोलादावर भट्टीत वितळवून केलेला तो खरा मुलामा. सायकलीच्या रंगालाही ‘इनॅमल’ म्हणतात, पण ते नावापुरते. या माणसाने १९३१ मध्ये भिंतींसाठी ४३ रंगांचा संच केला आणि १९५९ मध्ये त्यात आणखी २० घातले. म्हणजे हाताशी त्रेसष्ट रंग होते. तरी त्या स्तंभांवर त्याने तीनच वापरले. सायकलीलाही हाच संयम शोभतो: एक मुख्य रंग, दुसरा चिमट्याच्या आतल्या बाजूस किंवा हँडलखालच्या आखूड नळीवर, आणि तिसरा फार तर नावाच्या अक्षरांना. याहून अधिक घेतले की लग्नातल्या बँडवाल्यांच्या गणवेशाची आठवण होते.

दुसरे शिक्षक म्हणजे शहरातील वृक्ष. डॉ. महिंदरसिंग रंधावा यांच्या देखरेखीखाली येथे रस्त्यारस्त्याला फुलांची झाडे योजून लावली गेली. वसंतात जॅकरंडाचा जांभळा, वैशाखात बहाव्याचा पिवळा, गुलमोहराचा शेंदरी, आणि कुसुंबाच्या कोवळ्या पानांचा तो ताम्रवर्ण, ज्याला रंगाच्या दुकानात नाव नाही. आवडलेले पान किंवा फूल नेऊन रंगाऱ्याला दाखवण्यात संकोच कसला? मात्र ते ताजे असतानाच न्यावे.

रंगाचा स्वभावही ओळखून घ्यावा. उत्तरेतील उन्हात चमचमणारे झगझगीत रंग लवकर फिके पडतात, काही भडक तांबडे व गुलाबी रंगही उतरतात. गेरू, पिवळी माती यांसारखे लोहाचे रंग मात्र वर्षानुवर्षे टिकतात. आपली जुनी घरे त्याची साक्ष देतील. दुसरी गोष्ट संधिप्रकाशाची. उजेड कमी होताच आपल्या डोळ्यांना तांबडा रंग काळपट दिसू लागतो आणि निळा-हिरवा तुलनेने उजळ वाटतो. दुकानातील दिव्याखाली लाल चुटूक दिसणारी सायकल संध्याकाळी सहा वाजता जवळजवळ काळीच असते. म्हणून लहान पत्त्यावरून रंग ठरवू नये. नळीचा हातभर तुकडा रंगवून घ्यावा, तो उन्हात, झाडाखाली आणि तिन्हीसांजेस पाहावा, मग पत्त्याचा क्रमांक कागदावर लिहून द्यावा. “आकाशी” या शब्दाचा अर्थ रंगारी एक करतो आणि गिऱ्हाईक दुसरा.

येथे एक भ्रम दूर करणे आवश्यक आहे. झगझगीत रंग घेतला म्हणजे हिवाळ्यातील धुक्यात ट्रकचालकास सायकल दिसेल, असे मानू नये. सायकलीच्या नळ्या बोटभर जाडीच्या. त्यांचा रंग दुरून कितीसा दिसणार? दिसतो तो मागचा लाल दिवा, चाकांवरचे परावर्तक आणि स्वाराच्या अंगावरील प्रकाश परतवणारे जाकीट. दोनशे किलोमीटरांच्या ब्रेव्हे फेरीत, जी साडेतेरा तासांत पुरी करावी लागते, असे जाकीट नसलेल्या स्वाराला भाग घेऊ देत नाहीत. रंगासाठी राखलेल्या पैशांतून आधी दिवे घ्यावेत, हे आईवडिलांनी ठामपणे सांगावे. चंदीगडच्या जानेवारीत ते चैनीचे नव्हेत.

रंग देण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत विद्युतभारित भुकटी उडवून चौकट दोनशे अंशांच्या जवळपास भाजतात. लेप जाड व चिवट होतो, खर्चही कमी येतो, पण बारीक रेघा आणि अनेक रंग तीत नीट साधत नाहीत. दुसरी ओल्या रंगाची: अस्तर, रंग, वर पारदर्शक लेप, आणि प्रत्येक थरानंतर वाळवणे व घासणे. ती नाजूक व महाग, पण टवका उडाल्यास तेवढाच भाग दुरुस्त होतो. रोज महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीच्या सायकलीला आम्ही भुकटीचीच रीत सुचवू. रीत कोणतीही असो, चौकट आधी गंज व तेलापासून पूर्ण स्वच्छ झाली पाहिजे, आणि आट्यांची तोंडे झाकून घेतली पाहिजेत. नाहीतर जोडणीच्या वेळी पायडलची धुरा आत जात नाही आणि मिस्त्री रंगाऱ्याला व रंगारी मिस्त्र्याला बोल लावतो. नळीच्या आतल्या बाजूचे कोणाला सुचत नाही. रंगाचा हात बाहेरून फिरतो, आणि पावसाचे पाणी सीटच्या नळीतून आत शिरून खालच्या आसापाशी साचते. तेथे एक लहान भोक ठेवावयास सांगावे, आणि जोडणीपूर्वी आतून मेण मिसळलेले तेल फिरवावे.

सायकल घरी आल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर ती मिस्त्र्याकडे न्यावी. ब्रेकच्या तारा सैलावलेल्या असतात, स्पोक बसलेले असतात. आऊट पुन्हा काढावा लागतो. रंगाऱ्याकडून त्याच रंगाची एक छोटी बाटली झाकण घट्ट लावून आणून ठेवावी आणि तिच्यावर क्रमांक व तारीख लिहावी. पहिला ओरखडा बहुधा आडव्या नळीवर पडतो, महाविद्यालयाच्या आवारात दुसऱ्या कोणाच्या हँडलने. तो त्याच संध्याकाळी पुसून, वाळवून, बारीक कुंचल्याने भरून घ्यावा.