टाच मोकळी की बंद? टेलेमार्क आणि अल्पाइन टूरिंग

जिथे लिफ्ट नाही तिथे स्कीवरून डोंगर उतरायचा, तर आधी तो स्कीवरूनच चढावा लागतो. चढताना पावलागणिक टाच उचलली गेली पाहिजे, म्हणून अशा स्कीवर बूट फक्त पुढच्या बाजूने धरलेला असतो. माथ्यावर पोहोचल्यावर मात्र दोन पद्धती वेगळ्या होतात. अल्पाइन टूरिंगमध्ये उतरण्यापूर्वी टाच स्कीला पक्की बसवतात. टेलेमार्कमध्ये ती उतारावरही मोकळीच राहते. बूट, तो स्कीला धरणारे बाइंडिंग, वळण्याची रीत आणि पडल्यावरची सुरक्षितता, या सगळ्यांतले फरक या एका गोष्टीतून निघतात.

चढण्याचे तंत्र दोन्हींत सारखेच आहे. स्कीच्या तळाला मोहेर किंवा नायलॉनची लवदार पट्टी चिकटवतात. तिला ‘स्किन’ म्हणतात. तिची लव मांजराच्या पाठीसारखी एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने अडणारी असते; त्यामुळे स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. माथ्यावर ही पट्टी काढून घडी घालून ठेवतात.

टेलेमार्क हा नॉर्वेच्या दक्षिणेकडचा डोंगराळ भाग. तिथल्या मोर्गेदालचे सोन्द्रे नॉर्हेम (1825–1897) यांनी पिळलेल्या मुळ्यांचा पट्टा टाचेमागून घेऊन बूट स्कीवर बांधला. टाच उचलता येत होती, तरी पाय निसटत नव्हता. 1868 मध्ये क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो, येथील स्पर्धेत त्यांनी बेचाळिसाव्या वर्षी विजय मिळवला आणि ही शैली सर्वदूर पोहोचली. पुढे आल्प्सच्या तीव्र उतारांवर टाच बांधून स्की करण्याची पद्धत रुळली आणि टेलेमार्क मागे पडले. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये त्याला पुन्हा उजाळा मिळाला.

टेलेमार्कच्या वळणात बाहेरची स्की पुढे जाते आणि आतली मागे राहते. मागच्या पायाची टाच उचलली जाते, गुडघा स्कीच्या दिशेने खाली झुकतो आणि वजन दोन्ही पायांवर वाटले जाते. पुढच्या वळणाला पायांची अदलाबदल होते. वाकण्यासाठी बुटाला चवड्याजवळ चुण्या असतात. ताज्या, खोल बर्फात ही लय फार सुंदर जमते. पण प्रत्येक वळण म्हणजे एक बैठक असल्याने मांड्यांवर ताण येतो, आणि कडक बर्फावर तोल सांभाळायला पुष्कळ सराव लागतो.

अल्पाइन टूरिंगला आजचे रूप दिले ते ऑस्ट्रियाचे फ्रिट्झ बार्टेल यांनी, 1980च्या दशकात. त्यांच्या रचनेत बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी धातूची खाच असते आणि बाइंडिंगच्या दोन पिना तिच्यात बसतात. चढताना पाऊल या पिनांवर फिरते. उतरताना मागचा भाग वळवून टाच दाबली, की मागच्या दोन पिना तिला धरतात. असे अनेक बाइंडिंग एकेकी 300 ते 600 ग्रॅम भरतात, तर टेलेमार्कच्या एनटीएन पद्धतीचे बरेच बाइंडिंग 700 ग्रॅमच्या वर जातात. चढताना प्रत्येक पावलाला हे वजन पायाबरोबर ओढावे लागत असल्याने दिवसभराच्या चढणीत फरक चांगलाच जाणवतो.

सुरक्षिततेत अंतर आणखी मोठे आहे. पडताना पाय पिरगळला, तर स्की सुटली पाहिजे. अल्पाइन टूरिंगच्या बहुतेक बाइंडिंगमध्ये ती किती दाबाला सुटावी हे वजन, उंची, वय आणि कौशल्य पाहून ठरवता येते. चढताना मात्र पुढचा खटका बंद असतो. उतरण्यापूर्वी तो उघडायला विसरले, तर स्की सुटणार नाही. बहुतेक जुन्या टेलेमार्क बाइंडिंगमध्ये सुटण्याची सोयच नसते. नव्यांपैकी काहींत ती आहे, पण इतकी नेमकी क्वचितच. हिमस्खलनात न सुटलेली स्की माणसाला बर्फाखाली ओढते, त्यामुळे ही उणीव गंभीर आहे.

म्हणून निवड करताना आधी हेतू ठरवावा. लांबची चढण, तीव्र उतार आणि मोठी शिखरे गाठायची असतील, तर अल्पाइन टूरिंगच योग्य. शामोनी ते झेरमाट या हिमनद्यांवरून जाणाऱ्या ‘ओत रूत’ मार्गावर बहुसंख्य लोक तेच वापरतात. आल्प्समध्ये ही साधने भाड्याने सहज मिळतात आणि बिघडली तर दुरुस्तही होतात. साधी स्की येणाऱ्याला उतरण्याची नवी शैलीही शिकावी लागत नाही.

ज्याला वळणाचाच आनंद हवा आहे आणि शिकायला एखादा हंगाम देण्याची तयारी आहे, त्याने टेलेमार्क निवडावे. लिफ्टने वर जाता येते तिथे वजनाचा प्रश्न उरत नाही. गुलमर्गचा गोंडोला 3,900 मीटरांहून उंच नेतो, तेव्हा तिथे जड बाइंडिंगही चालून जाते. नॉर्वेच्या हार्डांगरविद्दासारख्या चढउताराच्या पठारावर हलकी, मोकळ्या टाचेची स्की विशेष सोयीची ठरते, कारण दर टेकाडावर टाच बांधण्या-सोडण्यात वेळ जात नाही.

खरेदीची सुरुवात बुटापासून करावी. पायाला न बसणारा बूट उत्तम बाइंडिंगही निरुपयोगी करतो. टेलेमार्कच्या काही नव्या बुटांना पिनांच्या खाचा असतात. तसे बूट आणि जुळणारे बाइंडिंग घेतल्यास चढताना पाऊल पिनांवर मोकळे फिरते आणि उतारावर टेलेमार्कची वळणेही घेता येतात. बूट आणि बाइंडिंगचा मेळ मात्र दुकानात प्रत्यक्ष बसवून पाहावा. साधन कोणतेही असो, हिमस्खलनाच्या प्रदेशात संकेत देणारा-पकडणारा ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडे प्रत्येकाजवळ असलेच पाहिजे, आणि ते वापरण्याचा सराव सहलीआधी झालेला असला पाहिजे.