घड्याळावर चालणारा किनारा

नॉर्वेच्या किनाऱ्यावरचा जुलै जाहिरातीत दिसतो तसाच असतो: मध्यरात्रीचं ऊन, पाण्यातून सरळ उठलेले कडे, पायथ्याशी एखादं लाल लाकडी घर. संपादकांना लेख हवा होता तो या सौंदर्यावर. मला मात्र बोटीवर चढल्यापासून वेळापत्रकानेच धरून ठेवलं. बर्गनहून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसला, मिळून ३४ बंदरं, जाऊन-येऊन बारा दिवस, उन्हाळा असो की हिवाळा. हुर्टिगरूटेन म्हणजे या किनाऱ्याची एसटीच. पर्यटक तिच्यात नंतर चढले.

१८९० च्या सुमारास ट्रॉन्हेमहून हामरफेस्टला पत्र पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे लागत, हिवाळ्यात पाच महिनेसुद्धा. सरकारला तिथवर जलद, बारमाही बोट हवी होती. मोठ्या कंपन्यांनी अंग काढून घेतलं, आणि त्यांचं चुकत नव्हतं. ट्रॉन्हेमच्या उत्तरेला दीपगृहं अवघी २८ आणि सागरी नकाशे दोनच. ध्रुवीय काळोखात खडकांच्या त्या जाळ्यातून बोट नेणार कोण? कप्तान रिचर्ड विथ तयार झाले.

त्यांचा भरवसा नोंदींवर होता. विथ आणि त्यांचे वाटाडे आन्डेर्स होल्ते बरीच वर्षं टिपणं ठेवत आले होते: होकायंत्राची दिशा, बोटीचा वेग, त्या दिशेने गेलेला वेळ. समोरचं काही दिसेनासं झालं की घड्याळ बघायचं. मिनिटं भरली की सुकाणू वळवायचं. यात गृहीत धरलेला वेग आणि खरा वेग यांत फरक पडला की खडक ठरलेलाच, आणि भरती-ओहोटीचा ओघ तो फरक सतत पाडत असतो. म्हणजे या माणसांनी नुसता किनारा पाठ केला नव्हता, त्याची लहरही पाठ केली होती. २ जुलै १८९३ ला विथ यांची बोट 'वेस्टेरोलेन' ट्रॉन्हेमहून सुटली आणि ५ जुलैला हामरफेस्टला लागली, ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी. पुढे १९४१ मध्ये पाणबुडीच्या टॉर्पेडोने ती बुडाली, सेवा टिकली.

आज पत्रं विमानाने जातात, पण मालाची खोकी फोर्कलिफ्ट रात्री-अपरात्री बोटीच्या कुशीतल्या दारातून आत-बाहेर करतोच. वर डेकवर लोक ट्रोलफ्योर्डच्या शंभरेक मीटर रुंद तोंडाचे फोटो काढत असतात.

काळजी वाटते ती या दोन मजल्यांमधल्या हिशेबाची. २०२१ पासून मार्ग दोन कंपन्यांत वाटलेला आहे: हुर्टिगरूटेन नावाच्याच कंपनीच्या सात बोटी, हाविलाच्या चार. हाविलाची एक बोट २०२२ मध्ये रशियन मालकीच्या कंपनीशी असलेल्या भाडेकरारामुळे निर्बंधांत अडकून धक्क्यालाच उभी राहिली. गाइरांगरसारख्या जागतिक वारसा फ्योर्डांत शून्य उत्सर्जनाचा नियम आलाय. मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत सवलत आहे. हाविलाच्या बॅटऱ्या बोटीला चारेक तास निःशब्द चालवतात. बारा दिवसांच्या फेरीत चार तास म्हणजे किती, ते सांगायला नको. शिवाय मार्गावरची काही बंदरं अवघड आहेत: बेरलेव्होगला तर वादळी हवेत बोट धक्क्याला लागूच शकत नाही.

तरी बेरलेव्होग यादीत आहे, कारण सरकार त्याचे पैसे मोजतं. कंपन्यांचा सरकारशी असलेला तो करार २०३० पर्यंतचा. उद्या हिशेब फक्त केबिनच्या भाड्यावर बसला, तर कंपन्या देखणी बंदरं ठेवतील आणि गरजेची गाळतील. उरेल ती निव्वळ सहल. तसल्या सहली जगात पुष्कळ आहेत. एकशे तीस वर्षं वेळ पाळणारी बोट मात्र दुसरी सांगता येणार नाही.