मोफत वकील मिळाला, पुढे काय झालं?

विधी सेवा प्राधिकरणांचे अहवाल आकड्यांनी भरलेले असतात. किती जणांना वकील दिला, किती शिबिरं घेतली, राष्ट्रीय लोकअदालतीत किती प्रकरणं निकाली निघाली. हा शेवटचा आकडा सर्वांत मोठा. त्यात बँकांची थकबाकी, वीजबिलं, वाहतुकीची चलनं अशी दाखलपूर्व प्रकरणंही येतात. म्हणजे पुष्कळदा गरीब माणूस तिथे मदत मागायला नाही, देणेकरी म्हणून आलेला असतो. तडजोड त्याच्याही सोयीची असेल, पण तिला गरिबाला मिळालेली वकिली म्हणता येत नाही.

राज्यघटनेत 1976 साली मोफत विधी साहाय्याचं 39-क हे कलम आलं. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, दिव्यांग आणि कोठडीतली माणसं यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही; इतरांसाठी ती राज्यं ठरवतात. हक्काचा परीघ इतका मोठा, आणि ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट 2025’नुसार या कामावरचा देशाचा खर्च माणशी वर्षाला सात रुपयांहूनही कमी!

पैसा वाढायलाच हवा. पण वाढलेला पैसा कशात घालायचा? प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलाला प्रकरणामागे तुटपुंजं मानधन मिळतं, पोटासाठी त्याला खासगी पक्षकार सांभाळावे लागतात आणि मोफतचं काम मागे पडतं. यावर उपाय म्हणून 2022 मध्ये लोक अभिरक्षक योजना आली: पूर्णवेळ वकील, ठरलेलं मानधन, खासगी वकिलीला बंदी. 2023-24 पासूनच्या तीन वर्षांसाठी केंद्राने 998.43 कोटी रुपये मंजूर केले. माझ्या मते ही गेल्या कित्येक वर्षांतली सर्वांत योग्य सुधारणा आहे. मात्र ती फौजदारी प्रकरणांपुरती. पोटगी मागणाऱ्या किंवा जमिनीसाठी भांडणाऱ्या बाईला अजून पॅनेलचाच आधार. शिवाय जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष खुद्द जिल्हा न्यायाधीश असतात. वकील ज्यांच्यापुढे उभा राहतो, त्यांच्याच हाती त्याच्या कामाची देखरेख. ज्याच्यासाठी तो उभा राहिला त्या माणसाचं मत कुठे नोंदवायचं?

ते विचारता येतं, आणि मुंबईत ते एकदा विचारलंही गेलं आहे. पत्रकार शीला बर्से यांनी कोठडीतल्या स्त्रियांच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, तेव्हा न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून त्या स्त्रियांशी प्रत्यक्ष बोलायला लावलं. अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावं, हा 1983 चा आदेश त्यातूनच निघाला. म्हणजे मोजायची पहिली गोष्ट तेव्हाच सांगून झाली आहे: अटक आणि वकिलाची पहिली भेट यांत किती तास गेले?

दुसरी गोष्ट जामिनाची. देशाच्या तुरुंगांतले चारांपैकी सुमारे तीन कैदी कच्चे आहेत. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार सापडत नाही, म्हणून माणूस आतच राहतो. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा प्राधिकरणाला कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये बजावलं. अशी किती पत्रं आली, त्यांतले किती जण सुटले, किती दिवसांनी सुटले, हे प्रत्येक जिल्ह्याने दर तिमाहीला जाहीर करावं. पुढच्या वर्षीचा निधी मागताना लोकअदालतीच्या बेरजेआधी हा तक्ता जोडलेला असावा.