क्योतोमध्ये काय पाहावे, काय खावे?

जपानला जायचे म्हटले की आपल्या घरांत पहिला प्रश्न निघतो, "तिथे हलाल मिळेल का?" हाच प्रश्न सोबत घेऊन आम्ही सहकुटुंब क्योतोला पोहोचलो.

इ. स. ७९४ पासून हजार वर्षांहून अधिक काळ क्योतो ही जपानी सम्राटांची राजधानी होती. आम्ही सुरुवात केली निजो किल्ल्यापासून. तोकुगावा इएयासूच्या काळात, १६०३ मध्ये तो उभा राहिला. सत्ता सम्राटाकडे परत सोपवण्याचा निर्णय शेवटच्या शोगूनने १८६७ साली इथेच जाहीर केला. आतल्या वाड्यात जोडे काढूनच जावे लागते. पाऊल पडले की व्हरांड्याची लाकडी जमीन पाखरासारखी चिवचिवते. फळ्यांखालचे खिळे आणि लोखंडी पट्ट्या एकमेकांवर घासून हा आवाज येतो. मुलांनी चवड्यांवर चालून पाहिले, तरी जमीन बोललीच!

पूर्वेकडच्या डोंगरउतारावर कियोमिझू हे बौद्ध मंदिर आहे. त्याची आजची मुख्य इमारत १६३३ ची. तिचा सुमारे १३ मीटर उंच लाकडी सज्जा खांब आणि तुळया एकमेकांत गुंतवून, खिळ्यांशिवाय उभा केलेला आहे. सुतारकामाची आवड असणाऱ्याने तो खालून जरूर पाहावा.

आता जेवणाकडे वळू. आपल्याकडे फोडणी, तशी तिथे 'दाशी'. समुद्रशेवाळ आणि सुकवलेली मासळी यांचा हा अर्क बहुतेक पदार्थांत असतो. त्याची अडचण नाही. अडचण आहे 'मिरिन' आणि 'साके' यांची. मिरिन हे तांदळाचे गोडसर मद्य स्वयंपाकात सर्रास वापरतात. म्हणून मासे किंवा भाजी मागवली म्हणजे निर्धास्त झालो, असे होत नाही. बौद्ध मठांतले 'शोजिन र्‍योरी' हे शाकाहारी जेवण प्रसिद्ध आहे, पण तिथेही मिरिनबद्दल विचारावेच. काही सोया सॉसमध्येही अल्कोहोल घातलेले असते.

आमच्याजवळ जपानीत लिहिलेली चिठ्ठी होती. एका छोट्या खाणावळीत मालकीणबाईंनी ती दोनदा वाचली, आतून सॉसची बाटली आणली, लेबलावर बोट ठेवले आणि दोन्ही हातांची फुली करून नकार दिला. सहा गिऱ्हाइके परत जात होती, तरी त्यांनी खोटे सांगितले नाही. मग थोडा विचार करून त्यांनीच नुसते मीठ लावून भाजलेला मासा, पांढरा भात आणि गरम टोफू पुढे ठेवला. अल्हम्दुलिल्लाह, सहलीतले सर्वांत चवदार जेवण तेच!

निशिकी बाजार ही सुमारे ४०० मीटर लांबीची गल्ली. लोणची, मासळी, चहा, मिठाई यांची शंभरावर दुकाने तिथे आहेत. चालता चालता खाऊ नये, अशी विनंती तिथे केलेली असते. आपल्या मुलांना आपण घरी हेच शिकवतो. तांदळाच्या पिठाची, दालचिनीच्या वासाची 'यात्सुहाशी' मिठाई आम्ही घटक विचारून घरी आणली.

कामो नदीजवळ मशीद आहे. बाहेर नमाज पढायची तर किब्ला पश्चिमेकडून थोडा उत्तरेला येतो.

निघण्यापूर्वी चिठ्ठी जपानीत तयार करून घ्या. त्यात डुकराचे मांस, चरबी, जिलेटिन, साके आणि मिरिन हे शब्द वेगवेगळे लिहा. नुसते 'दारू नको' म्हटल्याने मिरिन वगळले जाईलच असे नाही. सोबत थोडा खजूर ठेवा, आणि विचारायला लाजू नका.