अ‍ॅटॉमिक आहे, म्हणजे सुरक्षित आहे का? लिनक्स कर्नलमधल्या मोजणीची गोष्ट

रेकॉर्डिंगमध्ये मी फंक्शनांची नावं जरा भरभर बोलून गेलो, म्हणून इथे तोच भाग सावकाश लिहितोय.

प्रश्न साधा आहे. कर्नलमध्ये एक आकडा एकाने वाढवायचाय. यात चुकण्यासारखं काय आहे?

पहिली चूक आपल्याला कॉलेजातच शिकवतात. आकडा वाढवणं म्हणजे तीन कामं: मेमरीतून वाचा, एक मिळवा, परत लिहा. दोन सीपीयूंनी एकाच वेळी ५ वाचला तर दोघंही ६ लिहितात, आणि एक बेरीज हरवते. यावर उपाय म्हणजे अ‍ॅटॉमिक ऑपरेशन. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर सूचनेच्या आधी लॉक प्रीफिक्स लागतो आणि ही तीन कामं मिळून एकच, न तुटणारं काम होतं. लिनक्समध्ये यासाठी अ‍ॅटॉमिक_टी हा टाइप आहे.

आता हा आकडा कशाचा आहे ते बघू. बऱ्याचदा तो रेफरन्स काउंट असतो. अभ्यासिकेत नियम असतो ना, शेवटी बाहेर पडेल त्याने दिवे-पंखे बंद करायचे? तसंच. ऑब्जेक्ट वापरायला घेतला की आकडा वाढवा, सोडला की कमी करा. ज्याच्या हातून आकडा शून्य होईल, त्याने ती मेमरी मोकळी करायची.

जानेवारी २०१६ मध्ये कर्नलच्या कीरिंग विभागातला एक दोष जाहीर झाला, सीव्हीई-२०१६-०७२८. प्रोसेसने स्वतःचीच सेशन कीरिंग त्याच नावाने पुन्हा मागितली, तर आकडा वाढायचा, पण एका वाटेवर तो कमी करायचं राहून गेलं होतं. दिसायला किरकोळ गळती. पण आकडा ३२ बिटांचा. तीच मागणी साधारण ४२९ कोटी वेळा केली, की जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा तो फिरून शून्यावर येतो. कर्नलला वाटतं, कोणीच उरलं नाही; तो मेमरी मोकळी करतो. प्रोसेसच्या हातात मात्र त्या जागेचा पत्ता अजून असतो. तिथे आपल्याला हवा तो मजकूर भरला, की साधा युजर रूट होऊ शकतो. एवढ्या मागण्यांना एका लॅपटॉप प्रोसेसरवर अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला होता.

इथे थांबून विचार करा. अ‍ॅटॉमिक ऑपरेशनने आपलं काम चोख केलं होतं. ४२९ कोटी बेरजांत एकही हुकली नाही! बेरीज हरवणार नाही, एवढंच त्याचं वचन. तो आकडा म्हणजे काय, हे त्याला माहीतच नाही.

म्हणून २०१७ मध्ये, ४.११ आवृत्तीत, पीटर झिल्स्ट्रा यांनी लिहिलेला रेफकाउंट_टी आला. कल्पना अगदी नवी नव्हती. पॅक्स प्रकल्पाच्या पॅचमध्ये असं संरक्षण आधीपासून होतं. आत अजूनही अ‍ॅटॉमिक सूचनाच आहेत, पण वर नियम बसवलेत. शून्यावरून वाढवायला गेलात तर इशारा मिळतो. शून्याच्या खाली गेलात तरी इशारा. आणि आकडा मर्यादेबाहेर गेला तर तो फिरत नाही, गोठतो.

गोठतो म्हणजे तो ऑब्जेक्ट पुन्हा कधीच मोकळा होत नाही. मशीन रीस्टार्ट होईपर्यंत तेवढी मेमरी वाया. हा सौदा जाणूनबुजून केलाय: थोडी मेमरी गेली तरी चालेल, पण मशीन दुसऱ्याच्या ताब्यात जाता कामा नये.

सौदा फुकटचा नव्हता. नेटवर्किंगमध्ये पॅकेटमागे असे आकडे हलतात, त्यामुळे जास्तीच्या तपासणीला तिथून विरोध झाला. मग ४.१४ मध्ये कीस कुक यांचं इंटेल-एएमडीसाठीचं वेगवान असेंब्ली रूप आलं. पुढे विल डीकन यांनी मूळ सी कोडच इतका हलका केला, की ५.५ पासून सगळ्यांना एकच, कायम चालू असलेलं रूप पुरलं.

आणि प्रत्यक्ष बदल? एलेना रेशेतोव्हा आणि सहकाऱ्यांनी कर्नलभर पॅच पाठवले. हे नुसतं फाइंड-रिप्लेसचं काम नाही, हे मला एका ड्रायव्हरवर कळलं. मी सगळे अ‍ॅटॉमिक_टी एका झटक्यात बदलले आणि बूट होताच इशारा: शून्यावर बेरीज. मूळ लेखकाने मोजणी शून्यापासून सुरू केली होती. मालक सोडून दुसरं कोणी नाही, असा त्याचा अर्थ. ती एकपासून सुरू केली, इशारा गेला. मी खूश.

मग डिव्हाइस काढताना तोच इशारा पुन्हा. हाही खोटाच असणार म्हणून मी अर्धा दिवस घालवला. पण तो खरा निघाला. आकडा शून्य झाल्यावरही एक वर्कक्यू यादीतून तोच ऑब्जेक्ट उचलत होती. जुना कोड शून्याचा गुपचूप एक करायचा, आणि मोकळ्या होणाऱ्या मेमरीवर काम चालू. आता तिथे यादीचा लॉक धरून रेफकाउंट_इंक_नॉट_झीरो आहे: आकडा शून्य असेल तर नकार घ्या आणि परत फिरा.

त्याच झटक्यात मी पडलेल्या पॅकेटांची गिनतीही बदलली होती. ती परत अ‍ॅटॉमिक_टी केली, कारण ती फिरून शून्य झाली तर कोणाचं काही बिघडत नाही.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. कोणी एकदा जास्त वजाबाकी केली, तर आकडा नियमाप्रमाणेच शून्य होतो आणि मेमरी वेळेआधी सुटते. इशारा मिळालाच तर पुढच्या वापरावेळी. घेणं-सोडणं जुळवायची जबाबदारी आपलीच.

तुमच्या कोडमध्ये अ‍ॅटॉमिक_टी दिसला, तर आधी एकच विचारा: हा शून्य झाला की काही मोकळं होतं का? होत असेल, तर टाइप बदला. आणि बदलल्यावर इशारा आला, तर तो खोटा ठरवण्याआधी कोड नीट वाचा.